ब्रँचपासून ॲपपर्यंत: कायद्याला मालक कसा सापडतो

विधीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तरी सात रस्ता ते जुळे सोलापूर दिवसभर जेवणाची पार्सलं पोचवणारा तिचा भाऊ त्यात 'कामगार' ठरत नाही. मग कायदा समाजाबरोबर बदलतो असं जे शिकवतात, ते कुठल्या अर्थाने खरं? आणि कायदा मागे पडलेला असेल तेव्हा वकिलाने नुसतं बघत बसायचं का?

मी सोलापुरात कामगारांच्या बाजूने वकिली करतो, मालकांची वकीलपत्रं घेत नाही. तेव्हा उत्तर एका बाजूला कललेलं असणार, हे धरूनच वाचा.

कायदा समाजाबरोबर चालतो हे वाक्य परीक्षेत लिहायला ठीक आहे. कोर्टात बसलं की दिसतं, कोणीतरी कागद घेऊन दारात उभं राहिल्याशिवाय कायदा जागचा हलत नाही. आणि हलतो तोही आधी व्याख्येत हलतो. संसदेचं काम बऱ्याचदा त्याच्या मागून येतं. कामगार कोण, मालक कोण, कारखाना कशाला म्हणायचं, एवढ्या दोन-तीन शब्दांवरून स्वातंत्र्यापासून भांडणं चालू आहेत. तुमच्या भावाचा प्रश्न या शहराने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा पाहिलेला आहे, विडीच्या धंद्यात.

पूर्व भागात वाढला असाल तर हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. बाई सकाळी ब्रँचला, म्हणजे विडी कारखानदाराच्या माल देण्या-घेण्याच्या ठिकाणी, जाते. पान, तंबाखू, दोरा मोजून घेते. घरी येऊन पान भिजवते, पत्रा ठेवून कात्रीने कापते, मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, कट्टे बांधते आणि दुसऱ्या दिवशी ब्रँचला नेऊन देते. तिथला माणूस कट्टा उलटापालटा करून बघतो, पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढतो. ती छाट. उरलेल्यांची मजुरी हजारी दराने. ब्रँचमध्ये ती थोडाच वेळ असते, बाकीचा दिवस स्वतःच्या ओट्यावर. वळता वळता पोराला जेवू घालते, मध्येच पाणी भरते. आता सांगा, हिचा कारखाना कुठला आणि हिच्यावर देखरेख कोणाची?

१९४८ चा कारखाने अधिनियम आला तेव्हा कायद्याच्या डोळ्यासमोर गिरणी होती: भोंगा, फाटक, हजेरी, मजुरांवर देखरेख करणारा जॉबर. आपल्याकडे ते चित्र डोळ्यासमोर येणं साहजिकच, जुन्या गिरणीचा भोंगा ऐकून निम्मं शहर उठायचं. विडीवाल्यांनी या चित्रातली फट लगेच ओळखली. एका छपराखाली माणसं बसवली तर कायदा लागतो ना? मग बसवायचीच नाहीत. काम घरी द्यायचं, मध्ये ठेकेदार घालायचा, मोठ्या कारखान्याचे लहान लहान तुकडे करायचे.

मग निकाल यायला लागले. १९५८ मध्ये चिंतामण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, विड्या करवून आणून देणारे सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, कारखाने अधिनियमाखालचे कामगार नव्हेत. १९६० मध्ये नागपूरच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात त्याच न्यायालयाने उलट सांगितलं. तिथे माणसं कारखान्यात येऊन विड्या वळत, हजेरी लागे, उशिरा आलं तर काम मिळत नसे आणि वाईट विड्या नाकारायचा हक्क मालकाकडे होता. एवढी हुकमत पुरेशी आहे, ते कामगारच. पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे खटला आला, हाही महाराष्ट्रातलाच. तिथला विडी वळणारा मनाला येईल तेव्हा यायचा, मनाला येईल तेव्हा जायचा. बहुमताने ठरलं, हा कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत लिहिलं. ते मुळातून वाचा. हरलेलं मत म्हणून विद्यार्थी ते सोडून देतात आणि पुढच्या वीस वर्षांत कायदा कुठे गेला याचा पत्ता तिथेच होता हे त्यांना कळत नाही.

एकच धंदा, एकच न्यायालय, जेमतेम वर्षाचं अंतर आणि दोन टोकांचे निकाल. याला कोणी गोंधळ म्हणेल. मला तो कायद्याचा सगळ्यात जिवंत काळ वाटतो. न्यायाधीश एकेका गोष्टीवर बोट ठेवून बघत होते: वेळेचं बंधन की जागेचं? साधनं कोणाची? माल नाकारतं कोण? १९६४ मध्ये मद्रासकडच्या दिवाण मोहिदीन साहेब प्रकरणात त्यांनी मधल्या ठेकेदाराचा बुरखाच काढला. हे ठेकेदार नावाचे, प्रत्यक्षात मालकाचे हस्तक; विडी वळणारे मालकाचेच.

विधिमंडळ आलं ते यानंतर. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने वाद घालणं सोडलं आणि सरळ लिहून टाकलं की घरी बसून काम करणाराही कर्मचारी आणि ठेकेदाराच्या मागचा जो खरा धनी तो मुख्य मालक. घरच्या कामाची नोंद ठेवायची जबाबदारी मालकावर टाकली. छाटीवरून भांडण झालं तर झटपट निवाड्याची सोय केली. नियमांत तर छाटीलाही वेसण घातली, साधारणपणे शेकडा पाचपेक्षा जास्त विड्या नाकारता येणार नाहीत. दिल्लीत आणि मुंबईत बसून कायदा लिहिणाऱ्यांना हा तपशील कुठून कळला असेल? बायकांनी आणि त्यांच्या युनियननी सांगितल्याशिवाय कळत नाही. मालक अर्थातच सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या निकालात कायदा टिकला. भविष्य निर्वाह निधी विडीला १९७७ मध्ये लागू झाला. त्यावर पुन्हा खटला आला: घरी काम करणारी बाई पीएफसाठी कर्मचारी कशी? १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स प्रकरणात उत्तर मिळालं. नाकारण्याचा हक्क ज्याच्या हातात, देखरेखही त्याचीच. बाई घरी बसते की कारखान्यात, याने फरक पडत नाही.

१९५८ ते १९८५. सत्तावीस वर्षं. या काळात कायद्याची नजर जागेवरून उठून सत्तेवर गेली. बाई कुठे बसते हे विचारणं सुटलं आणि तिच्या कट्ट्यातल्या विड्या कोण फेकून देऊ शकतो हे विचारणं सुरू झालं. मध्येच १९७३ मध्ये एका शिंपीदुकानाच्या खटल्यात, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या, न्यायालयाने हेच सूत्र शिवणकामाला लावलं. म्हणजे विडीत सापडलेली किल्ली दुसऱ्या कुलपालाही लागली. कायदा बदलतो म्हणतात तो असा. फार हळू, हे खरंच आहे, आणि ती सत्तावीस वर्षं कोणाच्या आयुष्यातून गेली तेही विसरू नका.

निकाल लागला म्हणजे काम संपलं असंही नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या विडी प्रकरणांत कायद्याचा मुद्दा औषधालाही नसतो, असतो तो कागदाचा घोळ. ब्रँचचं कार्ड सासूच्या नावावर, वळणाऱ्या तिघी: सासू, सून आणि शाळेतून आलेली नात. कायद्याला एकच बाई दिसते. सासू वारली की सुनेची इतक्या वर्षांची मेहनत कागदावर कुठेच नसते. एका बाईंचं आडनाव कार्डावर एक, आधारवर दुसरं आणि पीएफच्या यादीत तिसरं होतं. तेलुगू आडनाव मराठी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आणि इंग्रजी टाइप करणाऱ्याने त्याचं आणखी काहीतरी केलं. जॉइंट डिक्लरेशनवर, म्हणजे पीएफची नोंद दुरुस्त करण्याच्या अर्जावर, मालकाची सही लागायची आणि ब्रँच तोवर बंद पडलेली. सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला हक्क अशोक चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात अडकलेला असतो.

तरीही कामगार म्हणून नाव लागण्याची किंमत कमी लेखू नका. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची १०,००० घरं उभी राहिली, त्याला आधी ओळखपत्र लागलं आणि ओळखपत्राला आधी तो कायदा.

एका ठिकाणी मात्र कायदा काळाबरोबर धावला आणि धावता धावता विडीवालीच्याच पायावर पाय पडला. १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर लागला होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी अनुदान चालायचं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, देशभरचे बारीकसारीक उपकर गुंडाळले गेले, त्यात हाही गेला. कराच्या दृष्टीने सुधारणा चांगलीच. पण कल्याण निधीला स्वतःचा झरा होता तो आटला आणि तो सरकारी तरतुदीच्या तोंडाकडे बघायला लागला. विरोधाचं मोठं भांडणही झालं नाही, कारण विषय कराचा होता, कामगारांचा म्हणून कोणी वाचलाच नाही. संस्था बदलतात तेव्हा एका खात्याची सुधारणा दुसऱ्या खात्यात काय पाडते, हे बघणारा कोणी नसतो. तुम्ही पुढे वकिली करणार असाल तर अर्थसंकल्पाच्या दिवशी वित्त विधेयक वाचायची सवय लावून घ्या, कामगार खात्याची परिपत्रकं नंतर वाचली तरी चालतील.

कायदा नेहमी मागेच असतो, हे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेलं मला पूर्ण मान्य नाही. मुलींच्या वाट्याचं बघा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला सहदायाद, म्हणजे मुलासारखी जन्मजात वाटेकरी, केलं, केंद्राला तिथे यायला २००५ उजाडलं आणि २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने वडील हयात होते की नव्हते हा उरलेला वादही मिटवला. कायदा पुढे, घर मागे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आजही बहिणी रांगेने हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या करतात, भाऊ बाहेर रिक्षा थांबवून उभा असतो. 'माहेर तुटायला नको,' एवढंच उत्तर मिळतं. त्या सहीपुढे तिन्ही पायऱ्यांचा कायदा हतबल आहे, कारण हक्क सोडण्याचं स्वातंत्र्यही हक्काबरोबरच येतं.

आणि रद्द झालेला कायदा मेलेला असतो असंही नाही. आपल्या सेटलमेंट भागात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती ती गुन्हेगार जमाती कायद्याखाली. १८७१ चा मूळ कायदा, पुढे १९११ आणि १९२४ च्या आवृत्त्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभर संपला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशयाची नजर, नाव बदलून, तीच राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत या जमातींविषयीची वाक्यं ऑक्टोबर २०२४ पर्यंत होती. सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली तेव्हा कुठे गेली. निरसनानंतर बहात्तर वर्षांनी. चोरीच्या गुन्ह्यात आधी कोणत्या वस्तीत गाडी जाते, ते फौजदारीची कामं करणाऱ्या कोणालाही विचारा.

याच्या उलट, कधी कधी जुन्या कलमात नव्या गरजेची सोय आधीच असते आणि वापरणारा हवा असतो. आपल्या पक्षकाराला पूर्वी उच्च न्यायालय म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी मुंबई, तारीख पुढे गेली की रात्री परत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्यात आलं. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. उच्च न्यायालयाला दुसऱ्या ठिकाणीही बसू देणारं १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाचं कलम ५१ पहिल्यापासून होतं. मागणी मात्र चार दशकांची होती.

आता तुमच्या भावाकडे येऊ. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली आहे ती अशी की तो पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करून कमावतो. म्हणजे कायद्याने त्याला पाहिलं, नाव दिलं आणि त्याच वाक्यात दाराबाहेर उभं केलं. त्याच्यासाठी निधीची तरतूद आहे: कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, पण अशा कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. काहीच नव्हतं त्यापेक्षा हे बरं. पण किमान वेतन, काम बंद केल्यास दाद, युनियनशी वाटाघाट या गोष्टी कामगार असण्याला बांधलेल्या आहेत, आणि तिथे संहिता गप्प आहे. १९६६ ला विडीवालीला कायद्याने घरात घेतलं. २०२० ला मंजूर झालेल्या या संहितेने डिलिव्हरीवाल्याला ओसरीवर बसवून चहा दिला. माझं मत विचाराल तर हे मुद्दाम केलेलं आहे.

कंपनीचा बचाव काय असणार हे तुम्ही आत्ताच लिहून काढू शकता. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मनाला येईल तेव्हा लॉगिन, मनाला येईल तेव्हा बंद. हा शब्दशः वाजे खटला आहे. उत्तरही तिथेच आहे, १९६१ नंतरच्या चोवीस वर्षांत. ऑर्डरचा दर कोण ठरवतं? रेटिंग घसरलं की ऑर्डरी कोण कमी करतं? ग्राहकाने तक्रार केली की पैसे कोण कापतं, आयडी कोण ब्लॉक करतं? छाट काढणारा माणूस आता ब्रँचच्या टेबलामागे बसत नाही, बाकी काम तेच. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांच्या बाबतीत जवळपास असाच विचार केला आणि कंपनीच्या करारातल्या गोड भाषेकडे दुर्लक्ष केलं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात ठेवायला हरकत नाही. आधार मात्र आपल्या विडीच्या निकालांचा घ्या.

म्हणून वकिलाने काय करायचं, तर पुरावा आत्तापासून जमवायचा. ॲपमधलं सगळं कंपनीच्या हातात असतं. आयडी ब्लॉक झाली की त्याच क्षणी जुन्या कमाईचा तक्ता, दंडाचे मेसेज, सगळं बंद. विडीवालीच्या हातात निदान फाटकं कार्ड राहायचं. तेव्हा भावाला सांगा: दर आठवड्याचा पेआउट, इन्सेंटिव्हच्या अटी बदलल्याचा प्रत्येक मेसेज, कापलेली रक्कम, सपोर्टशी झालेलं चॅट, हे सगळं तारखेसह स्वतःच्या ईमेलवर पाठवत राहा. बँकेचं खातेपुस्तक भरून घे. स्क्रीनशॉट कोर्टात लावायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते तेव्हा पाहू. फोन मात्र विकू नको. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करून ठेव, कारण उद्या योजना आली की पहिला प्रश्न नोंदणीचाच येणार.

दोन भाऊ मिळून एकच आयडी चालवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, सकाळी एक, रात्री दुसरा. ती ताबडतोब थांबवा. ज्याच्या नावावर आयडी नाही तो विम्यातून गेला, पुराव्यातूनही गेला. सासूच्या कार्डावर विड्या वळणाऱ्या सुनेची गत ती हीच. रस्त्यावर अपघात झाला तर मालक कोण या वादात महिने घालवू नका. समोरच्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा आधी लावा, तिथे नोकरी सिद्ध करावी लागत नाही आणि कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे.

आयडी बंद केली म्हणून दाद मागायची असेल तर दार नीट निवडा. नवे वकील उत्साहात अनुचित श्रम प्रथेची, म्हणजे मालक कामगाराशी गैर वागल्याची, तक्रार करतात आणि पहिल्याच तारखेला कंपनी म्हणते, हा आमचा नोकरच नाही. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या दोन निकालांनंतर नातंच वादात असेल तर त्या तक्रारीत ते ठरवता येत नाही. तक्रार फेटाळली जाते आणि वर्ष-दीड वर्ष वाया जातं. औद्योगिक विवाद म्हणून प्रकरण उभं करा, आधी समेट अधिकाऱ्यापुढे, मग न्यायाधिकरणापुढे. शक्य असेल तर एकट्याचं नको, पाच-दहा मुलांचं एकत्र; हुकमतीचा नमुना दहा फोनमध्ये सारखाच दिसला की समोरच्याला अपवाद म्हणता येत नाही. आणि मुदत आयडी बंद झाली त्या तारखेपासून मोजा. जुन्या कायद्यात कामावरून काढल्याच्या वादाला तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोनच आहेत.